आप्पा, साचा आणि चार वाजताचं जहाज

माझ्या हातून माझे वडील मलेशियात हरवले. लोकांची तिथे छत्री हरवते, गॉगल हरवतो, फार तर पासपोर्ट हरवतो. आमचे तिन्ही पासपोर्ट जागच्या जागी होते, माझ्या कमरेच्या पाकिटात. वडील तेवढे नव्हते.

गोष्ट दोन हजार चार-पाच सालातली. आप्पा, म्हणजे माझे वडील, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत पस्तीस वर्षं मोल्डर होते. वाळूचा साचा करायचा, त्यात वितळलेला धातू ओतायचा, निवला की साचा फोडून आतली वस्तू बाहेर काढायची, हे त्यांचं काम. मग एक दिवस फाउंड्री बंद झाली. तेव्हापासून आप्पा दारातल्या खुर्चीत बसून स्वतःच्या तळहातांकडे बघत राहायचे. कुणी विचारलं तर "बरं हाय की" म्हणायचे आणि परत तळहात. ते बघून काहीतरी करावंसं वाटायचं. पण मी पडलो बँकेतला माणूस. उदास माणसाला हवापालट करावा, असं कुठल्याशा मासिकात वाचलं होतं, तेवढ्यावर मी सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजाची सहल ठरवून टाकली. आप्पा, मी आणि माझी बायको वैशाली. आईने साफ नकार दिला. "रातभर पाण्यात ऱ्हायला मी काय म्हस हाय?"

जहाजावर आप्पांनी दोन दिवसांत समुद्राकडे एकदाच पाहिलं आणि "लई पाणी हाय" असा अभिप्राय दिला. बाकी वेळ ते केबिनमध्ये बसून होते. तळहात त्यांनी सोबत आणलेलेच होते.

तिसऱ्या दिवशी पेनांग बेट आलं. धक्क्यावर उतरलं की लगेच गाव सुरू. बाकीचे प्रवासी गाइड घेऊन बसमध्ये बसले. मी म्हणालो, "बस कशाला? एवढंसं गाव. आपल्या गावात महाद्वार रोडनं बिंदू चौकात जाऊन आल्यासारखं होईल." (मी पेनांगला आयुष्यात पहिल्यांदाच आलो होतो, हे इथे सांगून ठेवतो.) जहाजावरच्या अधिकाऱ्याने बजावलं होतं, चार वाजता सगळे परत पाहिजेत, नंतर दार बंद. सुरक्षित राहावीत म्हणून तिघांचीही जहाजात शिरायची फोटोची कार्डं मी माझ्याच पाकिटात ठेवली. कुटुंबप्रमुख म्हणून मी घेतलेला हा एकमेव निर्णय, आणि तो किती थोर होता ते पुढे कळलं.

मी नकाशा उघडून पुढे निघालो. दोन्ही बाजूंना जुनी चिनी पद्धतीची दुकानं, मध्येच तमिळ माणसाची खानावळ, पुढे मशीद. मागे न बघता मी माहिती देत होतो. "हे बघा आप्पा, ही इमारत इंग्रजांच्या काळातली. हे खांब बघा." मागून हुंकारही येत होता. दोन गल्ल्या आप्पांनी इतक्या आवडीने ऐकलेलं पाहून मला भरून आलं. मी कौतुकाने वळलो, तर मागे एक उंच गोरे आजोबा उभे. त्यांनी माझे आभार मानले आणि समोरच्या देवळाबद्दल काही सांगता येईल का, असं विचारलं.

वैशाली एका दुकानातून कागदी हातपंखे घेऊन बाहेर आली. "आप्पा कुठायत?"

"तुझ्याबरोबर नाहीत?"

"माझ्याबरोबर कसे असतील? तुम्ही भाषण देत होता ना त्यांना?"

तेव्हा एक वाजला होता. आप्पांना मराठीशिवाय भाषा येत नव्हती. खिशात कार्ड नाही, पासपोर्ट नाही, जहाजाचं नावसुद्धा ठाऊक नाही. ते तिथे राहिले तर ते कोण, कुठले, हे कुणाला कसं कळणार? 

मी धावत सुटलो. देऊळ पाहिलं, मशीद पाहिली, घड्याळाचा मनोरा पाहिला, किल्ला पाहिला. (बसवाल्यांनी जेवढं पाहिलं नसेल तेवढं मी त्या तासाभरात पाहिलं, तेही पळत.) एका तमिळ दुकानदाराला आप्पांची पांढरी टोपी हातानेच डोक्यावर दाखवून विचारलं, तर त्याने मला टोप्यांचा गठ्ठा काढून दिला. शेवटी एक पोलीस भेटला. सगळं शांतपणे ऐकून घेतल्यावर त्याने विचारलं, "तुमच्या वडिलांना काय आवडतं? ते कुठे जातील?"

 मला सांगता येईना. ज्या माणसाच्या घरात जन्मलो त्याला काय आवडतं, हे मला ठाऊक नव्हतं. लाज वाटली. मी म्हणालो, "ते रिटायर्ड आहेत." पोलिसाने ते वहीत लिहून घेतलं.

वैशाली मात्र गल्लीच्या तोंडाशी नाक वर करून उभी होती. ती इचलकरंजीची. मागांच्या खडखडाटात वाढल्यामुळे ती सहसा गडबडून जात नाही.

"अहो, वास येतोय."

"मासळीचा असेल. इथे आप्पा हरवलेत आणि तुला..."

"मासळीचा नव्हे. जळक्या वाळूचा. आप्पांच्या शर्टाला यायचा तो. सात वर्षं धुतलेत मी ते शर्ट."

मी जोरात श्वास घेतला. मला मासळीचाच आला. पण ती चालू लागली आणि मी मागोमाग. तीन वळणं घेतल्यावर पत्र्याची एक शेड दिसली. आत छोटी भट्टी, वाळूचा ढीग, मासेमारीच्या होड्यांच्या बुडाला पाण्यात फिरणारे पितळी पंखे भिंतीला टेकवलेले. आणि मधोमध, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, टोपी खुंटीला लावून आप्पा उकिडवे बसले होते. समोर बनियनमधला एक चिनी म्हातारा, हा मालक. आप्पा मराठीत बोलत होते आणि तो चिनीत. दोघांचं उत्तम चाललं होतं.

"आप्पा! अहो, जीव गेला की आमचा!"

"आलास व्हय?" आप्पांनी मूठभर वाळू आवळून ती माझ्यापुढे मोडली. "बघ. वली हाय का न्हाय? ह्या वाळूत ओतणार हुतं हे पावणं. फुटून आंगावर आलं असतं. म्या त्येंचा साचा मोडला. आता नवा करतोय."

"आप्पा, चार वाजता जहाजाचं दार बंद होतं. सव्वादोन वाजलेत. चला."

"साचा अर्धा टाकून?"

"जहाज निघून जाईल."

"त्येच्या बुडाला बी असला पंखाच हाय न्हवं? कुणीतरी बसून ओतलाय म्हणून चालतंय. त्यास्नी सांग, साचा चालू हाय. समजंल त्यास्नी."

मी वैशालीकडे पाहिलं. ती आप्पांकडे बघत होती. मग मीही पाहिलं. दोन वर्षांत आप्पा सलग इतकी वाक्यं बोलले नव्हते. ते तळहात वाळूवर असे फिरत होते की आजवर त्यांच्याकडे बघत बसणारा तो माणूस दुसराच कुणी असावा.  कार्डं पाकिटात होती, हातात घड्याळ होतं, बखोट धरून त्यांना नेणं सहज शक्य होतं. मी म्हणालो, "किती वेळ लागंल?"

"हात लावलास तर लौकर हुईल."

बँकेत माझ्या हाताखाली आठ माणसं होती. इथे मी सगळ्यांच्या हाताखाली. आप्पांनी माझ्या हातात काळ्या पुडीची, फडक्यात बांधलेली पुरचुंडी दिली. "ही साच्यावर झाड. म्हंजे पितळ चिकटत न्हाय. हलक्या हातानं." मी हलक्या हातानेच झाडली. फक्त समोर टेबलफॅन चालू होता. ती सगळी पूड उलटी माझ्यावर आली. साचा जसा होता तसा स्वच्छ राहिला.

चिनी म्हातारा काहीतरी म्हणाला. आप्पा म्हणाले, "व्हय, ल्हानपणापास्नं असाच हाय."

मग मला वाळू चाळायला बसवलं, तिथून उठवलं, पाणी आणायला पाठवलं आणि शेवटी "बाजूला हुबा ऱ्हा" हे काम दिलं. ते मला जमलं. आप्पांनी तारेने साच्याला वाफ जायला भोकं पाडली. दोघा म्हाताऱ्यांनी वितळलेल्या पितळाचं भांडं, म्हणजे मूस, दोन्हीकडून धरून साच्यात ओतलं.  तीन वाजून गेले. आता निवेपर्यंत थांबायचं. मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होतो. आप्पा म्हणाले, "बघू नगंस. बघून निवत न्हाय." सव्वातीन, साडेतीन. मनातल्या मनात मी तिघांचं विमानाने परत जायचं बघत होतो.

पावणेचारला साचा फोडला. पंखा अखंड निघाला, एक छिद्र नाही. चिनी म्हाताऱ्याने त्यावर बोटाने टिचकी मारली, आवाज ऐकला आणि आप्पांचे दोन्ही हात हातात घेतले. आप्पांचे डोळे भरले. त्यांनी सावकाश हात धुतले, टोपी घातली आणि मला म्हणाले, "चल की आता. उशीर झाला न्हवं?"

आम्ही पळालो. म्हणजे मी पळालो, ते दोघं माझ्या पुढे होते. धक्क्यावर पोहोचलो तेव्हा दारातला अधिकारी साखळी लावायच्या बेतात होता. वैशाली आत गेली. आप्पांचं कार्ड पाहून त्याने त्यांना नमस्कारसुद्धा केला. पस्तीस वर्षं मोल्डर राहिलेला माणूस, शर्टावर एक डाग नव्हता. मग त्याने माझ्या कार्डावरचा फोटो पाहिला आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. डोक्यापासून कमरेपर्यंत मी काजळीत बुडवून काढल्यासारखा होतो. त्याने हात आडवा घातला. धक्क्यावरच्या कामगारांना आत यायची परवानगी नाही, म्हणाला.

मी इंग्रजीत सांगून पाहिलं. पण तोंडात पूड गेल्यामुळे दर शब्दाला काळा ढग निघत होता. शेवटी अधिकाऱ्याने आप्पांना खुणेने विचारलं, हा माणूस तुमच्यापैकी आहे का?

आप्पांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. अगदी साच्यातून काढलेलं कास्टिंग तपासावं तसं.

"पोरगं माझंच हाय," ते म्हणाले. "पर कामाचं न्हाय."

अधिकाऱ्याला मराठी कळायचं काही कारण नव्हतं. वैशालीने इंग्रजीत सांगितलं. पहिलं वाक्य पुरेसं होतं, पण तिने दोन्ही सांगितली. पहिल्या वाक्यावर तो जागचा हलला नव्हता. दुसरं ऐकल्यावर त्याने परत एकदा माझ्याकडे पाहिलं, हा कामगार असणं शक्य नाही अशी त्याची पूर्ण खात्री पटली आणि त्याने मला आत सोडलं.