पाव पाउंडाचे शेअर

आमच्या तांता शहरातल्या शौकी नावाच्या न्हाव्याने लेकीच्या, नजलाच्या, लग्नासाठी घेऊन ठेवलेला फ्रीज विकला आणि पाव पाउंडाला एक असे चाळीस हजार शेअर घेतले.

"अरे, इतकी स्वस्त वस्तू अजून किती पडणार?" तो मला म्हणाला.

"खाली शून्य आहे की, उस्ता!" मी त्या उस्तादाला चिडवलं.

वर्षभरात त्या शेअरचे व्यवहारच बंद पडले. मग नवऱ्यामुलाची आई सामान बघायला आली. फ्रीजच्या जागी फरशीवर नुसता चौकोनी डाग होता.

"भाव वाढला की येईल हो," शौकी पुटपुटला.

नजलाने स्वतःच बोटातली साखरपुड्याची अंगठी काढून त्या बाईंच्या हातावर ठेवली.

शौकी अजूनही दाढी करताना गिऱ्हाइकांना सांगतो, भाव वाढणार. गळ्यावर वस्तरा असतो, त्यामुळे कुणी नाही म्हणत नाही.