पोढीवरचं नाव

स्तूप फोडायचं ठरलं तेव्हा रत्नदीप डबा खात होता.

मितेश चहाचा कागदी कप घेऊन आला आणि टेबलाच्या कडेला टेकला. ठाण्यात वागळे इस्टेटच्या एका जुन्या इमारतीत नऊ माणसं मिळून व्हिडिओ गेम बनवायची. मितेश त्यांचा मालक.

"भाई, तुझा प्रॉब्लेम सुटला," तो म्हणाला. "प्लेअरच्या हातात पहार द्यायची. तीन घाव. स्तूप फुटला, मागचं दार उघडलं, खल्लास."

रत्नदीपचा घास हातातच राहिला. "कुठला स्तूप?"

"आपलाच रे. तुझ्या लेव्हलचा. दुसरा कुठला आहे?"

रत्नदीप दिवा स्टेशनजवळ राहायचा. चौथा मजला, लिफ्ट नाही, नळाला पाणी आलं तर आलं. नाही आलं तर त्याची आई सरोज खाली टँकरपाशी उभी राहायची आणि हंडे वर चढवायची. मानपाड्याच्या कारखान्यात दिवसभर शिवलेल्या कपड्यांचे धागे कापून आल्यावर हे काम. वडील बाबुराव दुकानांच्या पाट्या रंगवायचे. छापील फ्लेक्स आले आणि त्यांचा ब्रश वाळला. पन्नाशीत त्यांनी बुद्धविहारातल्या रविवारच्या वर्गात नाव घातलं आणि धम्मलिपी शिकले. लेण्यांच्या भिंतींवर जी जुनी अक्षरं असतात, ती.

तेव्हापासून दरवर्षी कान्हेरी. बाबुराव भिंतीशी उभे राहून बोटानं हवेत अक्षरं गिरवत वाचायचे. "हे बघ, लोहारानं दान दिलेलं. हा सोनार. राजाबिजा नाय रे, आपल्यासारखी माणसं. एकेकानं एकेक पोढी दिली." पोढी म्हणजे खडकात कोरलेली पाण्याची टाकी. सरोज वाकून त्या पाण्यात बघायची आणि दरवेळी तेच म्हणायची, "एवढी एक दिव्यात असती तर?"

रत्नदीपनं गेम तिथूनच उचलला होता. जंगलात एक उजाड लेणं. तुम्ही एकटे. स्वतःचं अंग दिसत नाही, समोर फक्त दोन हात दिसतात. बंदूक नाही, भूत नाही. कोडं सोडवायचं आणि पुढच्या दालनात जायचं. एका दालनात पावसाचं पाणी पन्हळीतून वळवून पोढीत आणायचं. त्या पोढीवर धम्मलिपीत एक ओळ होती. बाबुरावांनी स्वतः काढून दिलेली. ही पोढी सरोजेचं दान.

शेवटच्या दालनात स्तूप. हातातला दिवा खाली ठेवायचा, स्तूप उजव्या हाताला ठेवायचा आणि तीन फेऱ्या घालायच्या. दार आपोआप उघडतं.

लेव्हल पूर्ण झाली तेव्हा त्यानं लॅपटॉप घरी नेला आणि आईला बसवलं. तिनं जन्मात गेम खेळलेला नव्हता.

"पुढं जायचं कुठलं?"

"हे. आणि हे वळायचं."

पन्हळीच्या कोड्यात ती भराभर गेली. पाणी कुठून कुठं न्यायचं, हे तिला शिकवायची गरज नव्हती. पोढीवरची ओळ बाबुरावांनी वाचून दाखवली तेव्हा ती लाजली, म्हणाली, "काहीतरीच तुमचं." मग स्तूप समोर आला. ती थांबली.

"चपला काढायचं बटण नाय का रे?"

तिनं दिवा ठेवला आणि फेऱ्या घातल्या. दार उघडलं. रत्नदीपला वाटलं, जमलं.

तीच त्याची चूक. त्यानं ह्या कोड्याला एकही खूण ठेवली नाही. स्तूप समोर आल्यावर माणूस दुसरं करणार काय? हे काय सांगावं लागतं?

ऑफिसात बाहेरच्या बारा जणांना खेळायला बसवलं. बाराही जण अडकले. एकानं दिवा स्तूपावर आपटून बघितला. एक वर चढायची वाट शोधत होता. त्यातूनच मितेशला पहार सुचली.

रत्नदीपनं डबा तसाच बंद केला आणि चार दिवस मागून घेतले. स्तूपाचं चित्र पायलनं घडवलं होतं. ती दिव्याच्या पुढच्या कोपर स्टेशनची, बोलायला फटकळ.

"बारा जण अडकले म्हणजे तू नापास," ती म्हणाली. "रडू नको. वाट दाखव ना त्यांना."

"कशी?"

"लोक शेकडो वर्षं फिरले ना? मग फरशी झिजली नसेल?"

तिनं स्तूपाभोवतीचा दगड झिजवला. गुळगुळीत, किंचित खोल, पायांनी झालेली गोल वाट. वाटेच्या तोंडाशी दिवा ठेवायला कोनाडा. पुन्हा सहा नवीन जण बसवले. पाच जण त्या वाटेनं गेले. सहावा उलटा फिरला, थबकला, वळला आणि सुटला.

रत्नदीप धावतच मितेशकडे गेला. मितेशनं सगळं नीट बघितलं. मान डोलावली.

"मस्त आहे. पण ट्रेलर गेला रे पुढं. त्यात पहारच आहे."

"कधी गेला?"

"सोमवारी."

"मी चार दिवस मागितलेले. तू हो म्हणालेलास."

"म्हणालो, कारण तू ऐकत नव्हतास. भाई, पब्लिकला तोडायला आवडतं. धूळ उडते, दगड पडतात, काय दिसतं माहितेय? तुझं ते गोल गोल फिरणं ट्रेलरमध्ये कोण बघणार?"

"तू ज्या देवळात जातोस तिथं देशील पहार?"

मितेशचा चेहरा बदलला. "ते वेगळं. तिथं पूजा चालते. हे अवशेष आहेत. तिथं आता कोण आहे?"

"मी आहे." रत्नदीपचा आवाज चढला. आजूबाजूच्या माना वळल्या. "दरवर्षी जातो मी. माझी आई जाते, बाप जातो. उजाड आहे म्हणून कुणाचं नाही असं कुणी सांगितलं तुला?"

"पर्सनल नको घेऊ रे."

"मग कसं घेऊ?"

मितेशनं वळलेल्या मानांकडे बघितलं. मग हळू म्हणाला, "दाराचं काम तुझ्याकडे आहे. शुक्रवारपर्यंत करून दे."

"नाही करणार."

ते काम दुसऱ्या एकाला दिलं. स्तूपाचे तुकडे करायचं काम पायलवर आलं. तिनं एक शब्द न बोलता एकेचाळीस तुकडे केले. घरी म्हातारे आईबाप, धाकटी बहीण. रत्नदीपनं तिच्याकडे बघितलं नाही. त्याला तिचा राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली.

त्यानं राजीनामा लिहिला. महिन्याची नोटीस. मग त्यानं पोढीचं दालन उघडलं आणि भिंतीवरची ओळ पुसायला घेतली.

मितेश मागून जात होता. "ते कशाला काढतोस? छान दिसतं. कुणाला वाचता येतंय?"

"माझ्या बापाला," रत्नदीप म्हणाला आणि शेवटचं अक्षर पुसलं.

घरी त्यानं दोन वाक्यांत सांगून टाकलं. स्तूप फोडतायत. मी आईचं नाव काढून आणलं.

सरोज भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. बाबुराव मात्र उठूनच उभे राहिले. रत्नदीपला वाटलं, आता मितेशला शिव्या पडणार.

"काढलंस? कुणाला विचारून?"

"पप्पा, तिथं स्तूप फोडणार आणि आईचं नाव..."

"अक्कल आहे का तुला? कान्हेरीला किती मूर्तींची तोंडं फुटलीत? बघितलीस ना? फोडणारे आले नि गेले. लोहाराचं नाव अजून भिंतीवर आहे. का? तो काढायला गेला नाय म्हणून. त्यांनी स्तूप फोडला. नाव तू पुसलंस. तुझ्या हातानं."

"अहो, जेवू द्या त्याला," सरोज म्हणाली.

"जेवू दे की. मी काय ताट ओढतोय?"

रत्नदीप जेवला नाही. त्याला वडिलांचा संताप आला होता. त्याहून जास्त ह्याचा, की त्यांचं खरं होतं. चार दिवस तो मितेशवर जळत होता, आणि आईचं नाव पुसणारा हात मितेशचा नव्हता.

ताट झाकून झाल्यावर तो वडिलांशेजारी जाऊन बसला. कागद पुढे केला.

"पुन्हा काढून द्या."

बाबुरावांनी चष्मा लावला. ओळ काढली.

"अजून एक ओळ हवी," रत्नदीप म्हणाला आणि ती सांगितली.

बाबुरावांनी चष्म्यावरून मुलाकडे बघितलं. मग पाटी रंगवताना बसायचे तसे ताठ बसले आणि एकेक अक्षर सावकाश काढलं.

सकाळी ऑफिसात त्यानं पोढीचं दालन उघडलं. दोन्ही ओळी भिंतीवर कोरल्या. पायल खुर्ची सरकवून जवळ आली. तीन दिवसांत पहिल्यांदाच.

"काय लिहिलंस?"

"ही पोढी सरोजेचं दान."

"आणि खाली?"

"हा स्तूप मितेशनं फोडवला."

पायलनं तोंडावर हात ठेवला. तेवढ्यात मितेशच आला. वाकून पडद्याकडे बघत राहिला.

"अरे वा, परत घातलंस? आणि दोन ओळी? भारी दिसतंय, भाई. जुनं वाटतं एकदम. खालची जरा मोठी कर ना. दुरून दिसत नाही."

रत्नदीपनं ती मोठी केली.