काच न वाजणारं घर

मणेरचाचीला माणसांची तोंडं लक्षात राहत नसत, मनगटं राहत. माझी आई भर बाजारात तिच्या समोरून गेली तरी ती ओळख द्यायची नाही, पण आईनं पदराबाहेर हात काढला की लगेच, "आगं, तू व्हय! डावा हात आखडतो की तुझा." बांगड्या भरण्याआधी ती बाईचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन मऊ पडेपर्यंत दाबत बसे. तेवढ्या वेळात त्या घरात काय शिजतंय आणि काय करपतंय, ते तिला कळून जाई. मंगळवार पेठेतल्या झाडून सगळ्या घरांत ओसरीपर्यंत तिला मुभा होती. तिच्याकडून हात भरून घ्यायचे आणि ती उठली की त्या जागी पाणी शिंपडायचं, अशीही घरं होती. मला संताप यायचा. ती म्हणायची, "शिंपडू दे की. तेवढाच गारवा."

मी तेव्हा पत्रकं काढायचो, अजूनही काढतो. महाराज शाळा उघडत होते, वसतिगृहं उभारत होते, आणि आमची पेठ शिवाशिवीचे हिशेब मांडत बसली होती. त्यावर लिहायला कागद पुरत नसे. चाची मला नावानं कधी हाक मारत नसे, "कागदवाल्या" म्हणे. तिचं घर आमच्या भिंतीला लागून. पत्रक हातात दिलं तर ती त्यात बांगड्या गुंडाळायची. "तुझा कागद पार सोवळ्यातल्या चुलीपातूर गेला बघ," असं वर ऐकवायची.

गाठीच्या रोगाच्या, म्हणजे प्लेगच्या, साली सगळी पेठ उठून माळावर झोपड्यांत राहायला गेली होती. साथ ओसरल्यावर परत आलो, तर आमच्या बोळातलं एक घर उघडलंच नाही. त्या घरातली माणसं पेठ उठायच्या आधीच रोगानं गेली होती, कोणी उरलं नव्हतं. चाचीला आतून आवाज आला म्हणून मी कडी काढली. माळ्यावर, फुटक्या रांजणामागं, एक करड्या रंगाची मांजरी होती, नुसती हाडं. आम्हाला बघून ती फिसकारलीसुद्धा नाही. भिंतीत शिरायला जागा मिळावी तशी अंग चोरून बसली. चाचीनं पदर टाकून तिला उचललं.

बोळात बोंब झाली. रोगाच्या घरातलं मांजर, म्हणजे रोगच की! तालमीचे वस्ताद चाचीच्या दारात येऊन गरजले, "चाची, बाजारच्या दिसापातूर हिला कुठं लांब दे. न्हाय तर पोतं हाय आन् पंचगंगा हाय." आधी उंदीर पडले आणि मग माणसं पडली, हे याच लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि पोत्यात कोणाला घालायचं, तर मांजराला! मी त्याच दिवशी एका मुक्या जिवाची कैफियत लिहून काढली. ती वाचून माणसं म्हणाली, भाषा झकास आहे. मांजर कोणी नेलं नाही.

चाचीनं तिला स्वतःकडंच ठेवलं असतं. पण तिचं घर म्हणजे बांगड्यांचं घर. खुंट्याखुंट्यांना सुतळीत ओवलेल्या बांगड्या लटकलेल्या, वारा आला तरी किणकिणणाऱ्या. मांजरी दिवसभर लाकडांच्या ढिगामागं. पाण्यालाही बाहेर येईना.

मग चाचीनं स्थळं बघायला सुरुवात केली. हा तिचाच शब्द. लेकीसाठी बघावीत तशीच बघायची. बांगड्या भरता भरता विचारणार, "सासू वरडती का गं? दादला भांडी आपटतो का?" आणि मांजरीचं वर्णन असं करणार की ती थेट राजवाड्यातून उतरलीय. "लाजाळू हाय जरा. खानदानी असत्यात त्या लाजाळूच असत्यात." एवढं खोटं मला पत्रकातसुद्धा जमलं नसतं.

शेवटी एक घर तिच्या मनात भरलं. चार सुनांचं, दूधदुभत्याचं, देवमाणसांचं. सुनांचे हात मऊ, सासू गरीब. चाची टोपलीतून मांजरी देऊन आली आणि आम्हाला गूळ वाटला. त्याच दिवशी कलत्या उन्हात त्या घरचा गडी टोपली परत घेऊन आला. चारी सुना ताक घुसळायला आणि दळायला बसल्या, आठ हातांतल्या बांगड्या एकदम वाजू लागल्या, आणि मांजरी कौलांवर चढून बसली ती उतरेचना.

चाचीनं टोपलीचं झाकण किलकिलं करून आत पाहिलं. मग म्हणाली, "कागदवाल्या, हिला काचंचं भ्या हाय. ही घावली त्या घरात तीन बायका हुत्या रे. एकीमागं एक तिघींच्या बांगड्या फोडल्या असतील. समद्या मीच भरलेल्या. मेल्या माणसांवरचा आकांत हिनं ऐकलाय, आन् काच फुटल्याली ऐकलीय."

म्हणजे जिथं काच वाजत नाही असं घर हवं होतं. असं घर आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. वरच्या आळीतल्या वहिनीचं. लग्नात तिचा चुडा चाचीनंच भरला होता. त्याच साथीत नवरा गेला आणि वयाच्या विशीत ती आतल्या खोलीत गेली. सासू आधीपासूनच विधवा. मणेरणीनं विधवेच्या दारात जाऊ नये, ते जखमेवर मीठ, अशी रीत. त्या दारावरून जाताना चाची पाटीतल्या बांगड्या हातानं दाबून धरायची, आवाज होऊ नये म्हणून.

"रीत गेली खड्ड्यात! सरळ जा," मी ओरडलो.

"तुला काय हुतंय? तू दारातनं कागद टाकतोस आन् निघतोस. मला आत बसाय लागतंय."

पण बाजारचा दिवस उद्यावर आला होता. सकाळी पाहतो तर चाची उंबऱ्यात बसून हातांना तेल लावून स्वतःच्या बांगड्या उतरवत होती. तिचे यजमान रसूलचाचा बाजेवर उठून बसले. "मी मेलो व्हय गं?"

"मेलास तर बोलतोस कसा? काच हाय ही. दादला न्हाय."

टोपली मी धरली. दार वहिनीच्या सासूनं उघडलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "मणेरीण? हितं? कुणाचं हात भराय आलीस?"

"भराय न्हाय आलो, आक्का. मागाय आलोय." चाचीनं आपले दोन्ही मोकळे हात पुढं केले. सासू त्या हातांकडं बघत राहिली आणि बाजूला झाली.

वहिनी दाराआडून बाहेर आली. चाचीनं सवयीनं तिचा हात हातात घेतला आणि दाबू लागली. भरायला काही नव्हतं, तरी दाबत राहिली. एवढी बडबडी बाई, पण त्या घरी तिनं मांजरीची एकही थाप मारली नाही. म्हणाली, "भित्री हाय. उपाशी ऱ्हाईल, पर फुडं यायची न्हाय. सांभाळशील?"

वहिनी म्हणाली, "हितं कोण आवाज करत न्हाय."

मी टोपलीचं झाकण काढलं. मांजरी बाहेर आली, चुलीमागं गेली आणि तिथंच बसली. थोड्या वेळानं वाटीतलं दूध चाटल्याचा आवाज आला. सासू पुटपुटली, "उंदीर तरी धरील." पोतं टळलं.

त्यानंतर दर शुक्रवारी चाची मोकळ्या हातांनी तिकडं जायची. बायका टोमणे मारत, "चाची, आज कुणाचं सुतक?" ती म्हणे, "तुमच्या अकलंचं." या सगळ्यावर मी एक जळजळीत पत्रक लिहिलं, तर तिनं मला एवढंच बजावलं, "तिचं नाव घालू नगंस. ती दारातबी येत न्हाय, आन् तू तिला गावभर फिरवशील." मी नाव खोडलं. इथंही लिहिलेलं नाही.

गेल्या थंडीत चाची गेली. त्याच सुमाराला मांजरीला तीन पिल्लं झाली, आणि सासूनं ठेवून घ्यायला साफ नकार दिला. मी तीन घरं शोधून, भांडून, कबूल करून घेतली आणि वहिनीच्या दारात जाऊन उभा राहिलो.

वहिनी पिल्लांची टोपली कमरेवर घेऊन बाहेर आली. भर सकाळी, रस्त्यावर. पाणी भरणाऱ्या दोघी तिचं तोंड दिसताच घागरी घेऊन मागं फिरल्या. तिनं त्यांना जाऊ दिलं.

"घरं ठरलीत. चला, दाखवतो," मी म्हणालो.

"तुम्ही नगा येऊ, भावजी. तुमचा आवाज लई मोठा हाय," वहिनी म्हणाली. "मी बसून बघतो एकेकाकडं." आणि ती पहिल्या घराची कडी वाजवायला निघून गेली.