दंडाच्या पावतीवरचा हवालदार

"दंड घेताना मी हवालदार होतो, तर पगार देताना शिपाई कसा झालो?"

हा प्रश्न त्यानं पहिल्यांदा विचारला तेव्हा त्याच्या मिशा काळ्याभोर होत्या. आता त्या पांढऱ्या झाल्या होत्या आणि गल्लीनं त्याचं नाव पावतीबुवा ठेवलं होतं.

लढाईत चौकीवरचा हवालदार मारला गेला. कॅप्टननं मेलेल्याच्या बाहीवरच्या फिती उसवल्या आणि अकरा जणांसमोर याच्या बाहीवर टाचल्या. "आजपासून तू." सात महिने यानं चौकी राखली. मग कॅप्टनही गेला, बढतीचा हुकूम कागदावर आलाच नाही, पगार आला तो शिपायाचा. सरकारनं त्याला हवालदार म्हणून ओळखलं ते एकदाच, दोन घोंगड्या हरवल्या तेव्हा. हवालदाराला दंड दुप्पट. त्याची पावती मात्र सही-शिक्क्यासकट चोख.

बावीस वर्षं ती पावती बायकोच्या शिवणाच्या डब्यात राहिली. त्याच्या अर्जासाठी कचेरीत "शिपाई" असा पुकारा झाला की हा बाकावरून हलत नसे. समोरचा कारकून त्याच्या तोंडाकडे बघत बघत "गैरहजर" लिहून मोकळा.

"अहो, उठा की एकदा," आज बाकावर शेजारी बसलेली बायको म्हणाली. "बसून बसून कंबर गेली माझी. गाढव म्हणून बोलावलं तरी उठा."

"गाढव म्हटलं तर उठेन. गाढवाची बढती कुणी खाल्लेली नसते."

पुन्हा पुकारा झाला. तिनंच हात वर केला, "हजर आहेत," आणि दंडाला धरून त्याला आत नेलं.

साहेब नवा होता, मऊ बोलणारा. त्यानं पावती दोनदा वाचली. "बाबा, तुमच्यावर अन्याय झालाय."

इतक्या वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं. म्हाताऱ्याची मान आपोआप ताठ झाली.

"तुम्ही शिपाई, आणि दंड घेतला हवालदाराचा. निम्मा परत मिळेल." साहेबानं पट्टी लावून "हवालदार" हा शब्द लाल शाईनं खोडला, वर "शिपाई" लिहिलं, शेजारी सही ठोकली. "झाली चूक दुरुस्त. आता इथं सही करा, म्हणजे प्रकरण मिटलं."

"साहेब," बायकोचा आवाज चिरकला, "तेवढा एकच कागद होता हो आमच्याकडे."

"म्हणून तर नीट करून दिला, आजी."

म्हाताऱ्याच्या ज्या बाहीवर फिती होत्या तो हात टेबलाच्या कडेवर आवळला गेला. ही पट्टी त्या चौकीवर कुठे होती? उसवलेल्या फितींवरचं रक्त सुकायच्या आत त्या याच्या अंगावर चढल्या होत्या, तेव्हा कुणी सही मागितली नव्हती.

साहेबानं पेन पुढे केलं. "करा सही. नाहीतर हेही हातचं जाईल."

त्यानं पेनाकडे पाहिलंसुद्धा नाही. साहेबाच्या पट्टीखालून पावती ओढली. एक कोपरा फाटून तिथंच राहिला. ओली लाल शाई अंगठ्याला लागली. बायकोनं हाक मारली, "अहो." तो थांबला नाही. पावती मुठीत धरून तो बाहेर पडला.