जानराव मापारी आणि चाळीस ग्रॅम

जानराव आमच्या शेजारी राहत. अमरावतीच्या कापूस बाजारात ते मापारी होते. गाडीवरून उतरलेला कापूस तोलायचा, वजनाची चिठ्ठी लिहायची आणि खाली सही करायची, हे त्यांचं काम. वीस वर्षं दुसऱ्यांचा माल तोलून त्यांना घरातली वस्तूसुद्धा नुसती उचलता येत नसे. चतुराबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, बाजारातून वांगी आणली की हे पिशवी हातात धरून अंदाज सांगत आणि मग स्प्रिंगचा काटा काढून तो अंदाज खरा आहे का ते पाहत. किलो तेव्हा नवे होते. जानरावांनी शेर एका दिवसात सोडला. शेराला ग्रॅम नसतात, एवढं त्यांना पुरलं.

या माणसाने लांब पल्ल्याच्या सायकल शर्यतीत भाग घ्यावा, याचं आमच्या गल्लीत कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य वाटलं ते त्यांच्या सामानाचं.

शर्यत एका व्यायामशाळेने १९६० साली सुरू केली. अमरावतीहून मूर्तिजापूरमार्गे अकोला, तिथून अकोट, अंजनगाव, परतवाडा आणि परत अमरावती, असे दीडशेहून जास्त मैल. शनिवारी सकाळी सहाला निघायचं आणि रविवारी सूर्य मावळायच्या आत परत यायचं. आपलं सामान आपणच न्यायचं. हॉटेलात, दुकानात काय हवं ते घ्यावं, पण ओळखीच्या घरून पाण्याचा पेलासुद्धा घेतला तर माणूस बाद. जे पूर्ण करतील त्यांची नावं व्यायामशाळेतल्या लाकडी फळीवर पांढऱ्या रंगाने लिहिली जायची.

पहिल्या वर्षी जानराव गादी, स्टोव्ह, पितळी तांब्या, छत्री, दोन टायर आणि लागलीच तर म्हणून एक सांडशी घेऊन निघाले. सगळं मिळून तेवीस किलो. मूर्तिजापूरला ते रस्त्याच्या कडेला बसले ते उठलेच नाहीत. संध्याकाळच्या गाडीने परत आले. सायकल गार्डाच्या डब्यातून आली आणि तिच्या दांड्याला रेल्वेने चिकटवलेली चिठ्ठी काही निघेना. दुसऱ्या दिवसापासून बाजारात त्यांचं नाव ‘मूर्तिजापूरचं पार्सल’ पडलं. गाडीवान त्यांच्यासमोर कापूस उतरवताना म्हणत, पार्सल सांभाळून उचला रे. शर्यतीला वयाची अट पंचेचाळीसची होती आणि जानरावांना चव्वेचाळिसावं सरत आलं होतं. फळीवर नाव लागायचं तर १९६१ सालीच, नाहीतर जन्मभर पार्सल.

म्हणून त्या डिसेंबरात सामानाची निवड सुरू झाली. माझं अक्षर बरं होतं, त्यामुळे यादी माझ्या वहीत लिहिली जाई आणि तोलण्याचं काम माझ्या ओट्यावर चाले. या वेळी एकूण वजन पाच किलोंच्या आत ठेवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. गादी गेली, तिच्या जागी एक घोंगडी आली, आणि मग घोंगडीही अर्धी कापली, कारण त्यांच्या मते माणसाला थंडी फक्त छातीला आणि पाठीला वाजते. कंगवा अर्धा मोडला. साबण अर्धा कापला. दात घासायला काही घेतलं नाही. अकोल्यापर्यंत रस्त्याला कडुलिंब आहेत, ते जानराव सायकलवरून जाऊन मोजून आले होते.

मग पिशव्या. मागच्या वर्षी सगळं ओझं मागच्या कॅरियरवर होतं आणि चढावर पुढचं चाक उचललं जाई. या वर्षी त्यांनी जुन्या ताडपत्रीची तिकोनी पिशवी चतुराबाईंकडून शिवून घेतली आणि सायकलच्या दांड्यांमधल्या रिकाम्या जागेत बसवली. पहिली पिशवी इतकी फुगली की पायडल मारताना गुडघे बाहेर फेकावे लागत. जानराव गल्लीतून त्या पिशवीसकट एक चक्कर मारून आले तेव्हा शेषराव वाण्यांनी त्यांना बेडकाची उपमा दिली. दुसरी पिशवी चपटी शिवली. सीटवर घालायला त्यांनी बाजारातल्या सगळ्यात लांब धाग्याच्या कापसाची गादी केली. त्या कापसाचं लुगडं झालं असतं, असं चतुराबाई म्हणाल्या. कॅरियर काढला, स्टँड काढला, चेनचं कव्हर काढलं आणि त्याच दिवशी पायजमा चेनमध्ये गेला. तेव्हा पायजम्याला बांधायच्या दोन सुतळ्या यादीत आल्या, सहा ग्रॅम.

दिव्यासाठी डायनॅमो घ्यावा की तेलाचा कंदील, यावर आठवडा गेला. डायनॅमो चाकाला लावला की सायकल जड जाते, तेल सांडतं. शेवटी त्यांनी अंधारात सायकलच चालवायची नाही असं ठरवलं आणि दिवा यादीतून गेला.

एक गोष्ट मात्र काही केल्या यादीतून जाईना. स्प्रिंगचा काटा, चारशे ग्रॅम.

चतुराबाई म्हणाल्या, “अवो, वजन कमी कराले तुमी काटा घेऊन चालले. त्याच्यापक्षा दोन भाकरी न्या.”

“वजन ठाऊक नसलं त मानूस चालते कसा?” जानराव म्हणाले, आणि काटा तिकोनी पिशवीत गेला. एकूण वजन चार किलो नऊशे ग्रॅम भरलं. मी वहीत त्याखाली रेघ मारली.

रेघ मारायला नको होती. शर्यत एकवीस जानेवारीला होती आणि संक्रांत नुकतीच झाली होती. आमच्याकडे गावाला जाणाऱ्या माणसाला कुणी मोकळं जाऊ देत नाही. जातच आहात तर एवढं घेऊन जा, असं म्हटलं की नाही म्हणायची सोय नसते. प्रथम चतुराबाईंनीच अकोल्याच्या मुलीसाठी, सत्यवतीसाठी, तिळाच्या लाडवांचा पितळी डबा काढला. दोन किलो तीनशे. मागच्या आळीतल्या पार्बताबाईंनी परतवाड्याच्या बहिणीसाठी लोणच्याची चिनी मातीची बरणी आणली. तीन किलो शंभर. कुणीतरी अंजनगावला भावासाठी नव्या वहाणा पाठवल्या, आठशे. मी काही त्यांच्यापेक्षा शहाणी नव्हते. अकोटच्या माझ्या मावशीचा चष्मा आमच्याकडे दुरुस्तीला आला होता. तो फक्त नव्वद ग्रॅम आहे, असं सांगून मी पुढे केला.

जानरावांनी तो तोलला. “घरासकट नव्वद,” ते म्हणाले. त्यांनी माझ्याकडे फार वेळ पाहिलं नाही. काढलेला कॅरियर परत बसवायला ते निघून गेले.

शनिवारी सकाळी व्यायामशाळेच्या अंगणात पंच खुशालराव मास्तरांनी प्रत्येकाचं सामान मोठ्या काट्यावर तोललं आणि यादी केली. मास्तर गणित शिकवत आणि नियमाला फार कडक होते. त्यांनी भरलेला डबा आणि बरणी पाहून विचारलं, हे कशाला. जानराव म्हणाले, द्यायचं आहे. नियमात घ्यायची मनाई होती, द्यायची नव्हती. मास्तरांनी पुस्तक दोनदा चाळलं आणि अकरा किलो एकशे नव्वद असं लिहिलं. अकरा जण निघाले. जानराव सगळ्यात मागे होते आणि ते कुठे पोहोचले ते बरणीच्या खडखडाटावरून कळत होतं.

पुढचं त्यांनी मला सोमवारी सांगितलं आणि मी ते तसंच लिहून ठेवलं.

मूर्तिजापूरला ते थांबलेच नाहीत. स्टेशनकडे मान वळवली नाही. अकोल्याला दीड वाजता सत्यवतीच्या दारात पोहोचले, पण सायकलवरून उतरले नाहीत. एक पाय ओट्याला टेकवून डबा पुढे केला. लेकीने पाट मांडला होता, पिठलं-भाकरी तयार होती. बाबा पाणीसुद्धा घेत नाहीत म्हटल्यावर ती रागाने आत गेली आणि थोड्या वेळाने डबा परत घेऊन आली. माहेरचा डबा रिकामा कसा पाठवायचा? तिने त्यात बेसनाचे लाडू भरले होते.

हा घोटाळा जानरावांच्या ध्यानात आला नव्हता. वजन हळूहळू कमी होत जाईल, असा त्यांचा हिशोब होता. पण गल्लीतल्या चौघींनी चार वस्तू दिल्या होत्या आणि आमच्याकडे भांडं काय, माणूसही रिकामा परतत नाही. डबा नाकारला तर लेकीचं तोंड पाहायची सोय उरणार नव्हती आणि घेतला तर शर्यतीतून बाद. ते ओट्याला पाय लावून उभे राहिले. मग त्यांनी तेच केलं जे वीस वर्षं करत आले होते. काटा काढला, डबा टांगला, चिठ्ठी लिहिली. माल बेसनाचे लाडू, वजन दोन किलो सहाशे, देणार सत्यवती, घेणार चतुराबाई, वाहणार जानराव मापारी. खाली लेकीची सही घेतली.

अकोटला मावशीने चष्मा लावून पाहिला, जानरावांना चहा विचारला, आणि ते नाही म्हणाले तेव्हा चष्म्याच्या जुन्या घरात बडीशेप भरून दिली. शंभर ग्रॅम, चिठ्ठी, सही. रात्री ते अकोटच्या एसटी स्टँडवर अर्धी घोंगडी घेऊन झोपले आणि थंडी पायांनाही वाजते हे त्यांना कळलं. अंजनगावला वहाणांच्या बदल्यात विड्याच्या पानांचा केळीच्या पानात बांधलेला गठ्ठा मिळाला, दोन किलो चारशे. परतवाड्याला लोणच्याची बरणी धुऊन पुसून तीत मेळघाटातला मध काठोकाठ भरला गेला. मध लोणच्यापेक्षा जड असतो. साडेचार किलो.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता जानराव व्यायामशाळेच्या फाटकातून आत आले. सूर्य अजून चांगला वर होता. अकरापैकी चौघे आधी आले होते, बाकीचे कुठे कुठे बसले होते. गल्ली सगळी जमली होती. चतुराबाई पुढे होत्या. मास्तरांनी सामान मोठ्या काट्यावर ठेवलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. निघताना अकरा किलो होते, आता चौदा किलो चारशे. कुणाच्या घरून घेतल्याशिवाय हे वाढलं कसं, असं त्यांनी विचारलं, आणि लाल पेन्सिल काढली.

“हा माल माहा नाही,” जानराव म्हणाले. त्यांचा घसा धुळीने बसला होता. “बाजारात रोज शंभर गाड्या तोलतो मी. त्यातलं बोंडभर बी माहं नसते. तसंच हे. चिठ्ठ्या पाहा.”

चारही चिठ्ठ्या त्यांनी पुढे ठेवल्या. मास्तरांना वजनं पडताळून पाहावीच लागली. गणिताच्या माणसाला लिहिलेला आकडा टाळता येत नाही. बडीशेप बरोबर. मध बरोबर. मग डबा. चिठ्ठीवर दोन किलो सहाशे, काट्यावर दोन किलो पाचशे साठ.

चाळीस ग्रॅम म्हणजे बरोबर एक लाडू.

“जानराव, लाडू कुठे गेला?” मास्तरांनी विचारलं.

जानरावांनी आपल्या पायाकडे पाहिलं. मला वाटलं, गेलं सगळं.

“कुत्र्यानं खाल्ला,” ते म्हणाले. “अंजनगावच्या पुढं मांगं लागला होता. सोडेच ना. मंग एक फेकला.” आणि त्यांनी डावा पाय पुढे केला. पायजमा गुडघ्यापासून खाली फाटलेला होता आणि सुतळी तेवढी शाबूत होती.

मास्तरांनी फाटका पायजमा नीट पाहिला. मदत कुत्र्याने घेतली आहे आणि कुत्रा स्पर्धक नाही, हे त्यांना मान्य होतं. पण लाडू वापरला गेला हे तर खरंच, आणि नियमात कुत्र्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. पेन्सिल वहीवर टेकली.

तेवढ्यात चतुराबाई हळूच म्हणाल्या, “मास्तर, चवथी चिठ्ठी राहिली तुमची. पानायची. थे बी वाचा न.”

मास्तरांनी चिठ्ठी उचलली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. माल विड्याची पानं, वजन दोन किलो चारशे, देणार इंदूबाईचा भाऊ, घेणार इंदूबाई. इथे ते थांबले. इंदूबाई त्यांची बायको. वहाणा कुणी पाठवल्या होत्या हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त मास्तरांना ठाऊक नव्हतं. इंदूबाई गर्दीत माझ्या शेजारीच उभ्या होत्या आणि पदराने तोंड पुसत होत्या.

पानं काट्यावर साठ ग्रॅमनी कमी भरली. प्रवासात पानं सुकतात, त्याला सूट द्यावीच लागते, असं मास्तर लगेच म्हणाले. सूट एका मालाला दिली तर दुसऱ्यालाही द्यावी लागते, असं शेषराव वाणी मागून म्हणाले. लाडवालाही सूट मिळाली. लाल पेन्सिल खिशात गेली.

फळीवर त्या वर्षीचं पाचवं नाव जानरावांचं लागलं. रंगवणाऱ्याच्या मागे उभं राहून त्यांनी नावापुढे वजनही लिहून घेतलं. साऱ्या फळीवर दुसऱ्या कुणाच्या नावापुढे वजन नाही. बाजारात त्यांना पार्सल म्हणणं बंद झालं. पुढच्या वर्षीच्या नियमांत ‘स्पर्धकाने नातेवाइकांचे सामान नेऊ नये’ असं एक कलम वाढलं आणि त्या वर्षी स्पर्धकही कमी आले.

सोमवारी संध्याकाळी जानराव मावशीचं चष्म्याचं घर घेऊन आले. बडीशेप मोजून घ्या म्हणाले. मी म्हटलं, विश्वास आहे. त्यांना ते आवडलं नाही. त्यांनी काटा काढला, माझ्यासमोर तोललं, आणि घेणार म्हणून माझी सही घेतली. चष्म्याचं घर मी धुऊन ठेवलं आणि ते रिकामं परत जाऊ नये म्हणून त्यात लवंगा भरल्या.