पाचव्या ‘का’च्या पुढे

“प्रश्न विचारायला डोकं लागतं, नुसतं सर्टिफिकेट नाही. आणि तुमचं सर्टिफिकेट कशावर मिळतं, ते इथं सगळ्यांना माहीत आहे.”

साहेब हे सगळ्या लाइनसमोर बोलले. शेंद्र्याच्या कारखान्यात, सकाळच्या उभ्या मीटिंगमध्ये. आधी एक जण हसला, मग बाकीचे. माझ्या डब्यातली भाजी रोज हक्कानं खाणारा माझ्या बाजूचा ट्रेनी, तोही हसला. मी मान खाली घातली नाही. पण कानशिलं तापली. डिप्लोमा करून नुकतीच लागले होते मी तिथं.

काय विचारलं होतं मी?

आमच्याकडे पद्धत अशी. माल रिजेक्ट झाला की फळ्यावर पाच वेळा ‘का?’ लिहायचं. एका ‘का’चं जे उत्तर येईल, त्यालाच पुढचा ‘का’ विचारायचा. खोदत खोदत मुळाशी जायचं. पद्धत चांगली आहे, मी आजही म्हणते. पण आमच्या फळ्यावर पाचवं उत्तर आधीच ठरलेलं असायचं. कामगाराचा निष्काळजीपणा. तिथं पोचलं की साहेब पेनाला टोपण लावायचे. त्याच्यापुढे विचारायचं नाही.

त्या दिवसांत दुपारचं रिजेक्शन वाढलं होतं. साहेबांनी फळ्यावर लिहिलं, कामगार पेंगतात. आणि तोंडानं म्हणाले, “जेवल्यावर ही माणसं सुस्तावतात. रक्तातच आहे त्यांच्या.”

मी म्हणाले, “सर, दुसऱ्या पाळीतली माणसंपण जेवतात. मग त्यांचं रिजेक्शन रात्री का वाढत नाही?”

एवढंच. खरं उत्तर मलाही ठाऊक नव्हतं. त्यांचं उत्तर टिकत नाही, एवढंच दिसत होतं. लहानपणापासून दर रविवारी विहारात ऐकलं होतं, मोठा माणूस सांगतो म्हणून खरं मानायचं नाही, पडताळून बघायचं. मला वाटायचं, ही गोष्ट जगात सगळ्यांना शिकवतात.

सगळे हसत होते तेव्हा मागून सुमनमावशी बोलली. त्याच मशीनवर ती काम करायची, ठेकेदाराकडून. “खरं बोलती पोरगी. दुपारच्याला म्या डोळासुदिक मिटत नाय.”

दुसऱ्या दिवशी मावशीला गेटवरून परत पाठवलं. ठेकेदार म्हणाला, गरज नाही.

मावशी मुकुंदवाडीत आमच्या शेजारी राहते. कारखान्यात जागा निघालीय हे मला तिनंच सांगितलं होतं. मी तिच्या घरी गेले तेव्हा ती दारातच बसली होती. ओरडेल, शिव्या देईल, असं वाटलं होतं. तसं केलं असतं तर बरं झालं असतं.

“इचारलं तू,” ती म्हणाली. “भोगलं म्या.”

मला तोंड दाखवायला जागा उरली नाही. कारण ते खरं होतं. मी कायम होण्याच्या वाटेवरची ट्रेनी. माझा फक्त अपमान झाला, तिची चूल गेली.

मग साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, “उद्या मीटिंगमध्ये सांगायचं, मी चुकले, सुमनबाई पेंगत होत्या. मी ठेकेदाराशी बोलतो. येतील त्या परत. बघ, तुझ्याच हातात आहे.”

जेवणाच्या सुट्टीत मी मावशीला फोन लावून विचारलं. ती क्षणभरही थांबली नाही.

“म्हण की. डुलकीनं पोट भरत असंल तर डुलकी लागली म्हण. माझी इज्जत माझी मी बघते. तू माझं काम बघ.”

मी साहेबांना हो म्हणाले.

आणि त्याच दुपारी मावशीच्या मशीनकडे गेले. का गेले सांगता येणार नाही, पाय वळले. एक नवी मुलगी लावली होती तिथं. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट टेबलावर पडलं होतं, आणि त्या उन्हात गेज ठेवलेलं. पार्टच्या भोकात घालून माप तपासायची स्टीलची कांडी ती. मी उचलली. चटका बसला. तापून केसभर फुगलेली कांडी भोकात जाईना, की पार्ट रिजेक्ट. तीच कांडी सावलीत गार होऊ दिली, तोच पार्ट पास झाला.

धावत केबिनमध्ये जाऊन सांगितलं. साहेबांनी मान वर केली नाही. “उद्या काय बोलायचं तेवढं पाठ कर.”

सकाळी मी पुढे उभी राहिले. वाक्य पाठ होतं. मावशीचा चेहरा डोळ्यांसमोर होता. तेवढ्यात ती नवी मुलगी दिसली, मावशीच्या जागेवर उभी. मी आज हे बोलले की उद्या हीसुद्धा पेंगणारी ठरणार. तिच्यानंतरची पण. खोटी कल्पना माझ्या साक्षीनं पक्की होणार, आणि ते म्हणणार, बघा, त्यांच्यातलीच मुलगी सांगते.

“मावशी झोपत नव्हत्या,” मी म्हणाले. “गेज उन्हात तापतंय. हात लावून बघा.”

कुणी गेलं नाही.

पुढच्याच आठवड्यात खिडकीला हिरवी जाळी लागली. दुपारचं रिजेक्शन थांबलं. सुधारणा सुचवल्याबद्दल साहेबांचा फोटो नोटीस बोर्डावर लागला. मावशीला कुणी बोलावलं नाही.

आता ती जालना रोडवरच्या एका हॉटेलात भाकऱ्या थापते. माझ्याशी बोलत नाही. समोरून आले तर पदर सारखा करून दुसरीकडे बघते. मला रोज वाटतं, मी कोण तिच्या पोटाचा निर्णय घेणारी? तिनं ‘म्हण’ असं सांगितलं होतं. मी म्हटलं नाही. खरं जिंकलं म्हणून छाती पुढे काढायची माझी लायकी नाही. मी अपराधी आहे.

पण एक कळलंय. हे अपराधी वाटणं त्यांना हवंच असतं. आपल्यातल्या एकानं तोंड उघडलं की दुसऱ्याच्या पोटावर पाय. मग पुढच्या वेळी आपणच एकमेकांना गप्प करतो, त्यांना बोटसुद्धा हलवावं लागत नाही. आपल्या आधीची माणसं अशी गप्प राहिली असती तर आजही आपण सगळं जुनंच खरं मानत बसलो असतो. आम्ही कोण आहोत, हेही तेच सांगत राहिले असते.

उद्या मी मीटिंगमध्ये विचारणार आहे, “दोष उन्हाचा होता, तर सुमनमावशी बाहेर का?” माझ्यामागून कुणी हो म्हणू नये, असं लाइनवरच्या प्रत्येकाला सांगून ठेवलंय. या वेळी भोगायचं ते मीच भोगणार. गेटच्या आत ठेवलं तर आत विचारीन. बाहेर काढलं तर गेटवर उभी राहून विचारीन.