आईची चटणी आणि जर्मन साहेब

आज नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरी जवस भाजताना जर्मनीतलं कस्टमचं ऑफिस आठवलं. आईनं पाठवलेलं पार्सल त्यांनी अडवलं होतं. आतली जवसाची चटणी बघून साहेबानं संशयानं विचारलं, "ही भुकटी खरंच खातात?" पटलं नसतं तर ती कचऱ्यात गेली असती, आणि मी आठ महिने घरचं काही चाखलं नव्हतं. घाबरतच मी चमचाभर तोंडात टाकली. मग त्यानंही टाकली. बिचारा लालबुंद झाला आणि डोळे पुसत त्यानं शिक्का मारला.

फोनवर मी फुशारकीनं हे सांगितलं, तर आई माझ्यावरच उखडली, "काहून वं, त्याले कोरडीच चटणी देली? वरून तेल तं टाकून द्याचं!"